किती झाले?

मेक्सिको सिटीत गेलात तर रस्त्यावरच्या अनेक टाकेरियांत, म्हणजे टाको विकणाऱ्या गाड्यांवर आणि छोट्या दुकानांत, एक पद्धत दिसेल. आधी खायचं, पैसे नंतर. उभ्या उभ्या एकेक टाको मागत राहायचं. निघताना विचारतात, "कुआन्तोस फुएरोन?" किती झाले? तुम्ही सांगाल त्या आकड्यावर हिशोब होतो. भर गर्दीत पाचाचे चार सांगितले, तर कोणाच्या लक्षात येणार?

प्लेटोच्या 'रिपब्लिक'मध्ये गायजीसच्या अंगठीची गोष्ट आहे. ती घालून अदृश्य होता आलं, तर माणूस सचोटीने वागेल का, असा तिथला प्रश्न. टाकेरियातला प्रवासी जवळपास ती अंगठी घालूनच उभा असतो. गल्लीतल्या गिऱ्हाईकाला उद्या पुन्हा तिथेच यायचं असतं. आपलं उद्या विमान. म्हणून आपण खरा आकडा सांगितला की आपली सचोटी जास्त निखळ, असं म्हणायचा मोह होतो.

मला हे पटत नाही. तो विश्वास आपण कमावलेला नसतो. वर्षानुवर्षं शेजारपाजारच्या माणसांनी खरे आकडे सांगितले, म्हणून अनोळखी माणसालाही तसं विचारता येतं. आपण त्यांच्या पतीवर जेवतो. खरा आकडा सांगून आपण काही दान करत नाही. दुसऱ्याच्या ठेवीला हात लावत नाही, एवढंच.

मग पैसे चुकते केले की आपण मोकळे का? इथे मला फोंदा आठवतात. फोंदा म्हणजे आपली खानावळच. दुपारी 'कोमिदा कोरिदा' मिळतं: सूप, भात किंवा पास्ता, एखादा रस्सा, टॉर्टिया आणि फळांचं पाणी. ठरलेल्या दरात पोटभर. हा दर तिथल्या कामकरी माणसाच्या खिशाला बेतलेला असतो. आपण मात्र मनात डॉलर किंवा पौंड करतो आणि म्हणतो, "अरे, हे तर फुकट!" 4 जुलै 2025 रोजी याच शहरातल्या रोमा-कोंदेसा भागात वाढत्या भाड्यांविरुद्ध मोर्चा निघाला. परदेशी पैशामुळे आपल्याच वस्तीत राहणं परवडेना, ही लोकांची तक्रार होती. काही दुकानांच्या काचाही फुटल्या. तीन दिवसांच्या पाहुण्यामुळे भाडं वाढत नाही, हे खरं. पण "मागितले तेवढे दिले" हे उत्तर अपुरं आहे, हेही खरं. स्वस्ताई हा त्या जागेचा गुण नाही. ती आपल्या चलनाची ताकद आहे.

याचा अर्थ परक्याने जाऊच नये, असा नाही. तिथला सर्वांत लाडका 'अल पास्तोर' टाको पाहा. लेबनॉनहून आलेल्या स्थलांतरितांनी उभ्या सळीवर मांस भाजण्याची रीत आणली. पुढे त्यात मेंढीच्या जागी डुक्कर आलं, मिरचीचं वाटण आलं, मक्याची टॉर्टिया आली. आज त्याला परका कोण म्हणेल? तुम्हीआम्ही परदेशी राहणारी माणसं. या उदाहरणाने आपल्याला धीर यायला हरकत नाही. आलेला माणूस त्या ठेवीत भरही घालू शकतो.

चार दिवसांच्या प्रवाशाला एवढं जमणार नाही. पण टीप ठेवणं जमेल, जेवणाच्या गर्दीत खुर्ची अडवून न बसणं जमेल, उठताना शेजारच्या अनोळखी माणसाला "प्रोवेचो" म्हणणं जमेल. तिथे तसं म्हणतात. सावकाश जेवा, असाच त्याचा भाव.

आणि सुट्टीत पुण्याला किंवा कोल्हापूरला गेल्यावर खानावळीत थाळीचे डॉलर मोठ्याने मोजण्याआधी शेजारच्या टेबलाकडे एकदा पाहा. तो दर तिथे जेवणाऱ्यांच्या पगाराला बेतलेला आहे.