किल्ल्यावरचं पाणी

धाकट्या भावाचे किस्से मी पंचवीस-तीस वर्षं सांगत आले आहे. लग्नघरी, बारशाला, कुणी मुंबईहून राहायला आलं की. माणसं पोट धरून हसतात आणि तोही कोपऱ्यात बसून थोडंसं हसतो. यंदा ते मुलांसाठी लिहून काढायचं ठरवलं. तयारी म्हणून लेखिका बेव्हर्ली क्लिअरीची पुस्तकं पुन्हा वाचायला घेतली आणि लिहिणं थांबलं.

अमेरिकेतल्या पोर्टलंड शहरातली, क्लिकिटॅट स्ट्रीटवरच्या घरातली ही दोन बहिणींची गोष्ट. 1955 सालच्या ‘बीझस अँड रमोना’मध्ये थोरली बीझस नऊ वर्षांची आहे आणि धाकटी रमोना चारची. रमोना तळघरातल्या सफरचंदांचा एकेकच घास घेऊन बाकीचं फळ टाकून देते. थोरलीच्या वाढदिवसाचे दोन केक बिघडवते. बीझसला मनातून छळणारी गोष्ट मात्र वेगळीच आहे: कधी कधी आपल्याला ही बहीण मुळीच आवडत नाही. शेवटी आई आणि मावशी स्वतःच्या लहानपणची भांडणं सांगून हसू लागतात, तेव्हा तिच्या मनावरचं ओझं उतरतं. मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा माझंही उतरलं होतं. आमच्या वयातलं अंतरही नेमकं तेवढंच, पाच वर्षांचं. क्लिअरी स्वतः एकुलती एक होती आणि तरी तिला हे कळलं, याचं मला अजून नवल वाटतं.

पण 1968 साली तिने ‘रमोना द पेस्ट’ लिहिलं. तेरा वर्षांनी तीच कार्टी, फक्त आता गोष्ट तिच्या बाजूने. रमोनाच्या लेखी ती त्रास देतच नाही. ती त्रास देते असं म्हणणारी सगळी माणसं तिच्याहून मोठी असतात. बालवाडीच्या पहिल्या दिवशी बाई तिला ‘फॉर द प्रेझेंट’ इथे बस म्हणतात. बाईंना म्हणायचं असतं, तूर्तास. रमोनाला त्यात भेटवस्तू ऐकू येते, आणि ती मिळेल म्हणून ती जागची हलत नाही. बघणाऱ्याला हा हट्ट वाटतो. ती बिचारी सांगितलेलं ऐकत असते.

इथे मला आमचा दिवाळीचा किल्ला आठवला.

माझा सगळ्यात हुकमी किस्सा तोच. विटा, गोणपाट, लाल माती. आठ दिवस खपून मी केलेला किल्ला, वर पेरलेले अळीव, बुरुजांवर मावळे. वसुबारसेच्या आदल्या दुपारी भावाने त्यावर बादलीभर पाणी ओतलं. बुरूज ढासळले, मावळे चिखलात आडवे. इथे लोक हसतात आणि मी थांबते.

थांबते, कारण पुढचं मी कधीच सांगितलेलं नाही. त्या दिवशी सकाळी त्याने विचारलं होतं, “ताई, गवत कधी येणार?” मी म्हटलं होतं, “पाणी घातलं की येतं.” त्याने पाणी घातलं. मी त्याला दंडाला धरून मागच्या अंगणात नेलं, वळ उठेपर्यंत चिमटे काढले आणि सांगितलं, “तू आमचा नाहीसच. आईने जुन्या साड्या देऊन तुला बोहारणीकडून घेतलंय. पुढच्या वेळी आली की परत देणार आहोत.” बोहारीण आली तेव्हा तो पलंगाखाली जाऊन बसला. आईने हाका मारल्या तरी बाहेर येईना. शेवटी ओढून काढला तेव्हा चड्डी ओली होती. आई म्हणाली, याला अचानक झालं तरी काय? मी तिथेच उभी होते. म्हटलं, मला काय माहीत.

बोहारणीचं हे घराघरांत गमतीने म्हणतात. मी गमतीने म्हटलं नव्हतं. त्याने ते खरं मानावं अशी माझी इच्छा होती. नऊ वर्षांच्या मुलीचा राग मी समजू शकते, तो आठ दिवसांच्या मेहनतीचा राग होता. पण पुढे चाळिशीपर्यंत मी तो प्रसंग मला हवा तिथे कापून सांगत राहिले, त्याला खोडकर ठरवून आणि त्याच्यादेखत. त्या सांगण्याला नऊ वर्षांच्या मुलीचा आडोसा घेता येत नाही.

गेल्या आठवड्यात त्याला फोन केला. म्हटलं, किल्ल्याचं लिहितेय, तुला काय आठवतं? तो जरा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, “ताई, बादली नव्हती गं. बादली मला उचलत नव्हती. तांब्या होता. मी तीन खेपा केल्या.”

तीन खेपा. मोरीपासून ओट्यापर्यंत, भरलेला तांब्या दोन्ही हातांनी धरून.

कच्च्या खर्ड्यात बादली खोडून मी तांब्या लिहिला आहे. बोहारणीबद्दल तो काही बोलला नाही. मी विचारलंही नाही. फोन ठेवला तेव्हा ते ओठांवर होतं. भाऊबीजेला तो येणार आहे.