चार लिटरचा हिशेब

1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद असते, त्यामुळे रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरात या दोन महिन्यांत होड्या किनाऱ्याला लागलेल्या दिसतात. खलाशी गावी जातात, पण इंजिनाच्या मिस्त्रीला तेव्हाच मान वर करायला फुरसत नसते. बंदरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये असाच एक मिस्त्री होता. सगळे त्याला चाचा म्हणत. होड्यांची डिझेल इंजिनं ही त्याची रोजीरोटी. मोटारसायकलवर मात्र त्याचा जीव होता.

एका जूनमध्ये काळबादेवीचा एक पोरगा आपली केटीएम आरसी 390 घेऊन त्याच्याकडे आला. चाकणच्या कारखान्यात बनलेली, जुन्या मॉडेलची गाडी. पळायला वाऱ्यासारखी, पण टाकी जेमतेम साडेनऊ लिटरची. पोरगा पनवेलला नोकरीला होता आणि सुट्टी मिळाली की गाडीवरच गावी यायचा. घरापासून पनवेलच्या खोलीपर्यंत तीनशे किलोमीटर. गाडी लिटरला अठ्ठावीस द्यायची, म्हणजे पेणच्या आसपास टाकीचा तळ दिसायचा.

"चाचा, मागच्या सीटखाली चार लिटरची जादा टाकी बसवून द्या. एका दमात पनवेल गाठायचंय."

"पेट्रोल भरायला किती वेळ जातो?"

"दहा मिनिटं."

"मग?"

पोराकडे उत्तर होतं, आणि ते अगदीच पोरकट नव्हतं. "कंपनीला स्वतःलाच ही टाकी कमी वाटली ना? 2022 च्या मॉडेलला त्यांनी 13.7 लिटरची दिली. आणि सी. एस. संतोषने 2015 मध्ये डाकार रॅली पुरी केली, पहिला भारतीय. त्याच्या गाडीलाही मागे टाकी होतीच की!"

चाचाने हात पुसले. "कंपनीने टाकी वाढवली तेव्हा फ्रेमपासून सगळी गाडीच नवी केली. लिटरमागे पाऊण किलो वजन धर. चार लिटर शेपटाकडे टांगलेस तर भार मागे सरकून पुढचं चाक तुलनेने हलकं होणार, आणि घाटातल्या वळणात तेच तुला सांभाळत असतं. डाकारच्या वाळवंटात पंप नसतो. तुझ्या वाटेवर चिपळूण, खेड, महाड, माणगाव, सगळीकडे पंप आहेत. शिवाय मोटार वाहन कायद्याचं कलम 52 आहे. 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही सांगितलंय, कंपनीच्या मूळ रचनेत असे बदल चालणार नाहीत. मी टाकी जोडणार नाही. तू एक कर. आज टाकी गळ्यापर्यंत भर, मीटर लिहून ठेव, पुन्हा भरशील तेव्हा भागाकार कर. महिनाभर कर आणि मग ये."

वहीत आकडे मांडायचं काम पोराला रुचलं नाही. खरं सांगायचं तर ते फार थोड्यांना रुचतं. नवीन वस्तू बसवली की काहीतरी केल्यासारखं वाटतं, मोजण्यात तसं काही वाटत नाही. त्याने दुसऱ्या शहरात एक जण गाठून ॲल्युमिनियमची टाकी करून घेतली. तिच्यातून एक नळी मुख्य टाकीत सोडली आणि हवेसाठी झाकणाला भोक पाडलं. गाडी आता साडेतेरा लिटरची झाली.

जुलैच्या शेवटी तो चाचाच्या शेडपाशी गाडी ढकलत आला. आदल्या रात्री पनवेलहून येताना परशुराम घाटात, भर पावसात, गाडी आचके द्यायला लागली होती. मागे ट्रक, पुढे धुकं. उतारावर गाडी कशीबशी कडेला घेतली तेव्हा त्याचे हात थरथरत होते.

चाचाने जादा टाकीची नळी सोडवली आणि काचेच्या बाटलीत पेट्रोल काढून ती बाकावर ठेवली. थोड्या वेळाने बाटलीत दोन थर दिसायला लागले. वर पिवळसर पेट्रोल, खाली गढूळ पाण्यासारखा थर.

"हल्ली पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल असतं," चाचा म्हणाला. "इथेनॉल पाणी ओढून घेतं. थोडं पाणी असेल तर पोटात घालतं, जास्त झालं की पाण्यासकट खाली बसतं. तुझ्या झाकणाचं भोक आभाळाकडे तोंड करून आहे आणि हा कोकणातला पाऊस. नळी टाकीच्या बुडाशी, म्हणजे इंजिनाला पहिला घोट याचाच."

पोरगा बाटलीकडे बघत राहिला. मग हळूच म्हणाला, "चाचा, पण एक कळत नाही. एवढं करूनसुद्धा मागच्या खेपेला पनवेलच्या तोंडाशी पेट्रोल संपलं."

"मीटर किती होतं?"

"297."

चाचाने खडूने पत्र्यावर लिहिलं. आधी साडेनऊ लिटर, अठ्ठावीसने 266. आता साडेतेरा लिटरमध्ये 297, म्हणजे लिटरला बावीस. "चार लिटर वाढवलेस आणि एकतीस किलोमीटर जास्त गेलास. बाकीचं कुठे गेलं?"

पोरगा गप्प. पण त्याला ठाऊक होतं. टाकी लहान होती तेव्हा तो मीटरवर नजर ठेवून ऐंशीने यायचा. मागे चार लिटर आहेत म्हटल्यावर मोकळा रस्ता दिसला की मूठ पिळायचा आणि वेग एकशे दहावर न्यायचा. ऐंशीचे एकशे दहा झाले की वाऱ्याचा अडथळा जवळजवळ दुप्पट होतो. फेअरिंगची गाडी असली तरी वारा सूट देत नाही.

"होडीचंही असंच," चाचा म्हणाला. "डिझेल जास्त भरलं की नवा तांडेल इंजिन पुरं खोलतो आणि डिझेल दुपटीने पितं. जुना तांडेल आधी परतीचं डिझेल बाजूला मोजतो आणि उरलेल्यात मासे बघतो. त्याच्या होडीची टाकी काही वेगळी नसते."

त्या दुपारी चाचाने जादा टाकी काढून ठेवली, मुख्य टाकी रिकामी करून पुसली, पंप तपासला. मग मागचं चाक उचलून हाताने फिरवलं. ते दीड फेऱ्यांतच थांबलं. ब्रेकचे पॅड चिखलाने अडकून डिस्कला घासत होते. चेन कोरडी आणि गरजेपेक्षा ताणलेली, टायरमध्ये हवा कमी, एअर फिल्टरवर लाल धुळीचा थर. पॅड साफ करून, चेन धुऊन, तेल देऊन, पुस्तकात दिलेला ढिलेपणा ठेवून चाचाने चाक पुन्हा फिरवलं, तेव्हा पोराला ते थांबण्याची वाट बघावी लागली. या गाडीला पैसा आणि कौतुक भरपूर मिळालं होतं, पण तिचं चाक फिरवून बघायला इतक्या दिवसांत कोणी खाली बसलं नव्हतं.

"आता टाकी गळ्यापर्यंत भरून जा. सत्तर-पंच्याहत्तरच्या वर जाऊ नकोस. पोचलास की टाकी भर आणि मला आकडा सांग."

रात्री फोन आला. "चाचा, तीनशे किलोमीटर झाले आणि सव्वानऊ लिटर बसलं. लिटरला बत्तीसच्या वर!" पोराचा आवाज आनंदाने फुटत होता. "वेळ फक्त अर्धा तास जास्त लागला. रस्त्याच्या कामामुळे एकशे दहा टिकतच नव्हते कुठे. एका दमात आलो की नाही?"

"आलास. आता पुन्हा असं येऊ नकोस."

"का?"

"इंजेक्शनच्या गाडीचा पंप टाकीच्या आत असतो. पेट्रोलात बुडलेला असतो म्हणून तो थंड राहतो. रोज टाकी कोरडी करशील तर एक दिवस तो जळेल, आणि कुठे जळेल ते तू ठरवणार नाहीस. तीनशे जाते हे तुला कळलं ना? ते पदरात ठेव. पाऊस, दरड, बंद पंप, घरचं अडीअडचणीचं बोलावणं, त्या दिवसासाठी."

पोराने ती ॲल्युमिनियमची टाकी परत मागितली नाही. चाचा तिच्यात सुटे भाग धुतो. पोरगा वहीत आकडे लिहितो, आणि लिटरला दोन किलोमीटर कमी पडले की आधी मागचं चाक उचलून फिरवतो. येता-जाता अर्धी टाकी असतानाच महाडला थांबतो, पेट्रोल भरतो, टायरची हवा बघतो, आईला फोन करतो आणि निघतो. दहा मिनिटं लागतात.