अ‍ॅरिस्टॉटलचे मृत्युपत्र

प्राचीन अथेन्स म्हटले की लोकशाही, नाटके आणि तत्त्वचर्चा आपल्या डोळ्यांपुढे उभी राहतात. पण त्या चर्चेला लागणारी फुरसत कोणाच्या घामातून आली? लॉरियनच्या चांदीच्या खाणींत हजारो गुलाम राबत. निकियस या सेनापतीने आपले १००० गुलाम दररोज माणशी एक ओबोल भाड्याने तेथे दिले होते, असे झेनोफनने लिहून ठेवले आहे.

अ‍ॅरिस्टॉटलसारख्या ज्ञानी पुरुषाने तर गुलाम हे एक सजीव हत्यारच ठरविले. काही माणसे जन्मतःच दास्यासाठी असतात, असे प्रतिपादिले. इ. स. पू. ३२२ मध्ये तो वारला. त्याच्या मृत्युपत्रात मात्र निराळाच सूर आहे. आपली सेवा करणाऱ्या पोरांपैकी कोणालाही विकू नये, ती वयात आली की लायकीप्रमाणे त्यांना मुक्त करावे, असे त्याने सांगून ठेवले.

आता सांगा, कोयत्याला का कोणी मुक्त करतो? बुद्धीने सोयीचे ते सिद्ध केले. अंतःकरणाला खरे ठाऊक होते. आपली फुरसत कोणाच्या कष्टांवर उभी आहे, हा प्रश्न मृत्युपत्रापर्यंत लांबणीवर टाकू नये. तो भर आयुष्यात, ऐन सणाच्या दिवशीही, स्वतःला विचारावा.