एकत्व कोणी कोणाला सांगायचे?

‘सर्वांभूती एकच आत्मा आहे असे आपले दर्शन सांगते, तेव्हा जातीचा विषय काढणारेच समाजात भेद पेरतात.’ हे विधान हल्ली व्याख्यानमालांतून इतक्या आत्मविश्वासाने केले जाते की ते खोडून काढावे असे कुणाला वाटतच नाही. मला वाटते. अद्वैताचा हा वापर अद्वैताचाच अपमान आहे.

आधी शंकराचार्यांचे भाष्य उघडू. ब्रह्मसूत्रांच्या पहिल्या अध्यायात, तिसऱ्या पादात अपशूद्राधिकरण आहे. शूद्राला ब्रह्मविद्येचा अधिकार आहे काय, हा तिथला प्रश्न. अडचण छांदोग्य उपनिषदानेच करून ठेवली आहे. जानश्रुती हा दानशूर राजा गाई, हार आणि रथ घेऊन रैक्वाकडे जातो. रैक्व गाडीखाली अंग खाजवत बसलेला. तो राजाला ‘शूद्रा’ अशी हाक मारून सारा नजराणा परत पाठवतो. राजा हजार गाई आणि आपली मुलगी घेऊन पुन्हा येतो, तेव्हाही तीच हाक मारतो, पण या खेपेला विद्या देतो. उपनिषदाला यात वावगे काही वाटत नाही, सूत्रकारांना वाटते. ‘शूद्र’ म्हणजे इथे शोकाने धावत आलेला, असा अर्थ लावून ते जानश्रुतीला क्षत्रिय ठरवतात आणि आचार्य तो निर्णय उचलून धरतात. इतिहासपुराणांतून शूद्रालाही ज्ञान मिळू शकते, एवढी वाट ते मोकळी ठेवतात. पण वेद ऐकणाऱ्या शूद्राच्या कानांत शिसे आणि लाख ओतण्याची शिक्षा सांगणारे स्मृतिवचनही त्याच अधिकरणात आधार म्हणून येते. ब्रह्म एक, त्याच्याकडे जाणारे दार मात्र जन्म पाहून उघडायचे.

यावर ‘मनीषापंचक’ पुढे केले जाते. काशीच्या वाटेवर चांडाळाने आचार्यांना निरुत्तर केले आणि त्यांनी त्याला गुरू मानले, ही त्यामागची कथा. पण परंपरेने त्या चांडाळाच्या रूपात साक्षात शिव उभा केला आहे. तो नुसताच चांडाळ असता तर? या प्रश्नाला ती कथा उत्तर देत नाही.

परमार्थात अभेद आणि व्यवहारात भेद, अशी दोन दालने केली की दोन्ही सुखाने नांदतात. डॉ. आंबेडकरांनी नेमके इथे बोट ठेवले. ‘रिडल्स इन हिंदुइझम’ म्हटले की आपल्याकडे १९८७-८८चा राम-कृष्णांवरचा वाद तेवढा आठवतो. त्याच ग्रंथात त्यांनी मान्य केले आहे की सर्वांत ब्रह्म आहे या सिद्धांताइतका भक्कम पाया लोकशाहीला दुसरा मिळणे कठीण. मग त्या पायावर समतेचा समाज का उभा राहिला नाही? कारण ब्रह्म हे तत्त्वज्ञान राहिले, त्याचा धर्म झाला नाही. या आक्षेपाला आजवर दिलेली उत्तरे मला पळवाटा वाटतात.

तेव्हा अद्वैतच टाकून द्यावे, असे इथवर येऊन वाटू लागते. मला तसे करवत नाही, कारण वाटेत ज्ञानदेव उभे आहेत. ‘अनुभवामृता’चे सातवे प्रकरण अज्ञानखंडनाचे. ते शांकरमताविरुद्ध आहे की नाही, यावर अभ्यासकांत जुना वाद आहे. माझ्यापुरते त्यातले म्हणणे स्पष्ट आहे: जग हा अज्ञानाने उभा केलेला आभास नव्हे, तो चैतन्याचाच विलास आहे. पाहणारा आणि दिसणारा, दोन्ही रूपांनी तेच नटले आहे. हे मानले की समोरच्या माणसाचे दुःख ‘व्यावहारिक’ म्हणून बाजूला सारता येत नाही. त्याचे शरीर, त्याची भूक, त्याचा अपमान हे सारे त्या एकाचेच होते. इथे एकत्व भेदाला पुसत नाही. ते भेदाची जबाबदारी घेते.

पण ज्ञानदेवांच्या या दर्शनानेही देऊळ उघडले नाही. चोखोबा त्यांच्याच काळातले. मंगळवेढ्याला वेठीच्या कामात गावकूस कोसळून ते गेले आणि त्यांची समाधी पंढरपूरच्या महाद्वारासमोर, देवळाबाहेर झाली. वारकऱ्यांनी त्यांचे अभंग शतकानुशतके प्रेमाने गायिले. त्यांच्या जातीला आत मात्र घेतले नाही. त्यासाठी १९४७ साली साने गुरुजींना प्राण पणाला लावून उपोषणाला बसावे लागले. त्याआधी १९३० मध्ये नाशिकच्या काळाराम मंदिरापुढे सत्याग्रह सुरू झाला होता. तो वर्षानुवर्षे चालला, तरी दार उघडले नाही. अडवणारे लोक सगळीकडे एकच आत्मा मानणारेच होते.

म्हणून एकत्व ही सांगण्याची नव्हे, देणे लागण्याची गोष्ट आहे असे मी मानतो. ज्याच्या हातात दाराची कडी आहे, त्याने ‘समोरचा मीच आहे’ असे स्वतःला बजावले तर ते दर्शन होते. तेच वाक्य त्याने बाहेर उभ्या असलेल्याला ऐकवले, तर ते त्याचे तोंड बंद करण्याचे हत्यार होते. आजही गटारात उतरून गुदमरणाऱ्या सफाई कामगाराची जात बहुधा ठरलेली असते. ही स्थिती बदलण्यासाठी जो आपला पैसा, वेळ आणि प्रतिष्ठा खर्ची घालील, त्यालाच अद्वैतावर बोलण्याचा अधिकार आहे. त्याने ब्रह्मसूत्रे वाचलेली असोत वा नसोत.