उसने शिंगरू, उसनी दुर्बीण



आज आपण हातात झावळ्या घेऊन मिरवणुकीने देवळात आलो. या मिरवणुकीतल्या एका मुक्या प्राण्याकडे आपले फारसे लक्ष जात नाही. प्रभू येशू ज्या शिंगरावर बसून यरुशलेमेत गेला, ते त्याचे स्वतःचे नव्हते. ते उसने आणलेले होते. दोन शिष्य दारापाशी बांधलेले शिंगरू सोडू लागले, तेव्हा तिथल्या लोकांनी त्यांना हटकले. कुणीही हटकेल! प्रभूला त्याची गरज असल्याचे शिष्यांनी सांगितले. एवढेच नव्हे, तर जनावर लगेच परत पाठवण्याचा शब्दही येशूने दिला होता. हा परतीचा शब्द संत मार्कने मुद्दाम नोंदवला आहे (११:३).

केवळ शब्दावर कुणी आपली वस्तू सोडून देतो काय? पहिल्या महायुद्धातली एक हकीकत या निमित्ताने आठवते.

अमेरिका ६ एप्रिल १९१७ रोजी त्या युद्धात उतरली. अटलांटिक महासागरात जर्मन पाणबुड्या जहाजे बुडवीत होत्या. पाण्याखालच्या पाणबुडीची फक्त पेरिस्कोपची नळी काही क्षण वर दिसते. लाटांच्या गर्दीत ती टिपायची तर पहाऱ्यावरच्या खलाशाच्या हातात चांगली दुर्बीण हवी. पण दुर्बिणीच्या भिंगांची उत्तम काच तोवर मुख्यतः युरोपातून, विशेषतः जर्मनीतून येत असे. ज्याच्याशी लढायचे त्याच्याकडेच काच! जहाजे होती, माणसे होती, डोळे कमी पडत होते.

तेव्हा नौदलाचे सहायक मंत्री फ्रँकलिन रूझवेल्ट (पुढे ते राष्ट्राध्यक्ष झाले) यांनी लोकांना आवाहन केले : घरात दुर्बीण, टेलिस्कोप, सेक्स्टंट असेल तर नौदलाला उसने द्या. ‘नौदलासाठी डोळे’ अशा नावाने ही हाक ओळखली गेली. वस्तूला आपले नाव आणि पत्ता पक्का बांधून ती वॉशिंग्टनच्या नौदल वेधशाळेकडे पाठवायची होती. जी उपयोगाची नसेल ती परत येणार होती. जी ठेवून घेतली जाईल तिच्या मालकाचे नाव दप्तरी नोंदले जाणार होते आणि युद्ध संपल्यावर ती परत करण्याचा पुरेपूर प्रयत्न होणार होता. कायद्याने सरकारला फुकट काही घेता येत नसे, म्हणून प्रत्येक वस्तूमागे एक डॉलर मिळे. वस्तू परत आली तर तो डॉलर भाडे समजायचा, समुद्रात बुडाली तर किंमत. ५०,०००हून अधिक वस्तू आल्या.

त्यांत कुणाच्या आजोबांची जहाजावरची दुर्बीण असेल, कुणाची पाखरे पाहण्याची. एका डॉलरात अशी दुर्बीण मिळत नाही, हे पाठवणाऱ्याला ठाऊक होते. तरीही त्याने नाव बांधले आणि खोके टपालात टाकले.

युद्धाची गोष्ट देवळात कशाला, असे कुणी विचारील. प्रश्न योग्य आहे. त्याच वर्षी, १ ऑगस्ट १९१७ रोजी, पोप पंधरावे बेनेडिक्ट यांनी लढणाऱ्या राष्ट्रांना शांततेचे आवाहन केले आणि त्या युद्धाला निरर्थक कत्तल म्हटले. पवित्र पित्याचे कुणी ऐकले नाही. दुर्बिणीने जहाज वाचते, तशी समोरची पाणबुडीही हेरता येते, आणि तिच्या आतही कुणाची तरी मुलेच असतात. म्हणून आम्ही युद्धाची थोरवी सांगत नाही. आमचे लक्ष त्या बांधलेल्या नावाकडे आहे.

हे नाव आपल्या ओळखीचे आहे. आपल्या आयाबायांनी भांड्यांवर नावे घातली ती कशासाठी? लग्नकार्यात पातेली, पराती शेजारी जायच्या आणि नाव पाहून घरी यायच्या. नाव घालणे म्हणजे अविश्वास नव्हे. घेणाऱ्याला परत करणे सोपे जावे म्हणून केलेली ती सोय आहे.

खरे सांगायचे तर, उसने देणे हे दान देण्यापेक्षा कठीण आहे असे आम्हांला वाटते. जुना शर्ट देऊन टाकला की विषय संपतो. उसनी दिलेली वस्तू मात्र मनात घर करून राहते. फुटली तर? विसरले तर? आता मागू कसे? आणि मागितलेच, तर नाते बिघडेल काय? शिडी, करवत, मुलाची सायकल यांवरून वर्षानुवर्षे न बोलणारी घरे आपण पाहिली आहेत. अशाच जागी प्रभू आपल्याला गाठतो आणि परतीची आशा न धरता उसने द्यायला सांगतो (लूक ६:३५). पण म्हणून घेणारा मोकळा होत नाही. मोशेच्या नियमशास्त्रानुसार, मालक जवळ नसताना उसने आणलेले जनावर मेले किंवा जायबंदी झाले, तर आणणाऱ्याने भरपाई केलीच पाहिजे (निर्गम २२:१४). देणाऱ्याने परतीची आशा सोडायची आणि घेणाऱ्याने परतीचा शब्द पाळायचा. दोघांनी आपापले वाक्य वाचावे. आपण बहुधा दुसऱ्याचे वाचतो.

नौदलाने शब्द पाळण्याची खटपट केली. ११ नोव्हेंबर १९१८ रोजी युद्ध थांबल्यावर दुर्बिणी मालकांकडे परत जाऊ लागल्या, सोबत रूझवेल्ट यांचे आभाराचे पत्र. काही समुद्रातच राहिल्या. त्यांच्या मालकांकडे तो एक डॉलर तेवढा उरला.

शिंगरू परत गेले की नाही, हे शुभवर्तमानात लिहिलेले नाही. ज्याने शब्द दिला त्याला आपण ओळखतो, म्हणून ते गेलेच असणार असे आम्ही मानतो. त्या आठवड्यात प्रभूभोवती किती धावपळ होती हे मात्र लक्षात घ्या, आणि त्यातून कुणीतरी वेळ काढून ते जनावर त्याच्या दारी नेऊन बांधले असेल.

शुभ शुक्रवारच्या क्रूसाच्या वाटेसाठी या वर्षीही सतरंज्या, बॅटऱ्या आणि दोन उंच शिड्या लागणार आहेत. ज्यांना शक्य असेल त्यांनी गुरुवारपर्यंत आणून द्याव्यात. प्रत्येक वस्तूवर नाव घाला. ईस्टरच्या सकाळच्या मिस्सानंतर त्या घरपोच होतील.