आचार आणि सदाचार

पोळ्याचा दुसरा दिवस आमच्या सावरगावात गोटमारीचा. जाम नदीच्या पात्रात पळसाचे झाड रोवतात, त्याला झेंडा बांधतात. अलीकडे आम्ही, पलीकडे पांढुर्णा, आणि मधून गोटे. झाड निघाले की चंडीमातेपुढे दोन्ही काठांचे हात जोडले जातात.

माझी आई माहेरची पांढुर्ण्याची. त्या दिवशी भाऊ पलीकडे, नवरा आणि मुलगा अलीकडे. एका वर्षी संध्याकाळी मामा डोक्याला फडके बांधून आमच्याच घरी जेवायला आला. आईने हळद भरली, कालच्या पुरणपोळ्या वाढल्या. गोटा कोणाचा, हे कुणी विचारले नाही. तसे विचारायचे नसते. मी पंधरा वर्षांचा होतो आणि दिवसभर गोटे फेकले होते. तो गोटा माझा होता का, हे मला आजही ठाऊक नाही.

शाळेच्या दाखल्यावर हिंदीत माझे 'चालचलन' उत्तम होते. पण जे चालत आले ते चालवणे, हेच चांगले चालणे का?

मनुस्मृती धर्माची चार प्रमाणे सांगते: वेद, स्मृती, सदाचार आणि स्वतःच्या मनाचे समाधान. सदाचाराला तिने परंपरेचीच जोड दिली आहे, हे खरे. पण याज्ञवल्क्य बजावतो की, लोकांना नकोसे झालेले कर्म शास्त्राने मान्य केलेले असले तरी आचरू नये. नियोगासारख्या शास्त्रोक्त चाली याच विचाराने कलिवर्ज्य ठरल्या. डॉ. पां. वा. काणे यांनी धर्मशास्त्राच्या इतिहासात त्यांचा सविस्तर ऊहापोह केला आहे. म्हणजे चाल सोडणे हीसुद्धा आपली परंपराच आहे.

कुणी म्हणेल, गोटमार लोकांना नकोशी कुठे आहे? खरेच, काठावर पाय ठेवायला जागा नसते. प्रशासनाने रबरी चेंडू देऊन पाहिले, तरी हात गोट्यांकडेच गेले. पण लोक म्हणजे केवळ काठावरचे का? दोन्ही काठांची माणसे सुखरूप परतेपर्यंत चूल न पेटवणारी माझी आई लोकांत येत नाही का? आणि चौथे प्रमाण? मामाच्या फडक्याकडे पाहताना माझ्या मनाचे समाधान नव्हते, एवढे मी खात्रीने सांगतो.

पुढच्या वर्षी मी नदीवर गेलो, झेंड्याला हात जोडले आणि गोटा न उचलता परतलो. सोबती भित्रा म्हणाले. घरी आलो तेव्हा दुपारच होती. आईने काही विचारले नाही, फक्त माझ्यापुरता चहा टाकायला चूल पेटवली. मामा अजून पलीकडेच होता.