वास्तू कोणाच्या नावावर

अंबाजोगाईच्या यादवकालीन शिलालेखांत सेनापती खोलेश्वर आणि त्याची कन्या लक्ष्मी यांची नावे येतात. सिंघण राजाच्या या सेनापतीचा पुत्र राम गुजरातच्या मोहिमेत कामी आला आणि बहिणीने भावाच्या स्मरणार्थ रामनारायणाचे देऊळ बांधविले, अशी हकीकत इ. स. १२४० च्या लेखातून कळते. देवालय उभारण्याची ही एक रीत होय. तिच्यात भूमी, धन आणि मनुष्यबळ एकाच घराण्याच्या हाती असते आणि बांधविणाऱ्याचे नाव दगडात कोरले जाते. याच गावात किंवा याच्यासारख्या दुसऱ्या एखाद्या तालुक्याच्या गावी पाचपंचवीस कुटुंबांची प्रॉटेस्टंट मंडळी स्वतःचे चर्च बांधावयास निघते, तेव्हा मात्र यांपैकी काहीच एका हाती नसते, आणि म्हणून त्या बांधकामाचा विचार निराळ्या अंगाने करावा लागतो.

सोळाव्या शतकातील धर्मसुधारणेतून रोमन कॅथलिक परंपरेपासून वेगळे झालेले ते प्रॉटेस्टंट, आणि मराठी ख्रिस्ती व्यवहारात ‘मंडळी’ म्हणजे उपासनेसाठी नियमाने एकत्र येणारा, आपला पाळक आणि आपले पंच असलेला समुदाय. हा समुदाय इमारतीवाचूनही पूर्ण असतो, कारण पहिल्या दोन-अडीच शतकांतील ख्रिस्ती लोक बहुधा सभासदांच्या राहत्या घरीच जमत. सीरियातील दुरा-युरोपस येथील उत्खननात इ. स. २४० च्या सुमाराचे असे एक घर सापडले असून, त्यात दोन खोल्यांमधील भिंत पाडून सभेची जागा मोठी केलेली आणि बाप्तिस्म्याचे कुंड निराळ्या खोलीत बांधलेले दिसते. तेव्हा इमारत ही श्रद्धेची अट नव्हे. ती गरज आहे, आणि तीही बरीचशी व्यावहारिक; भाड्याच्या दिवाणखान्यात रविवारची उपासना निभावते, पण लग्न, अंत्यविधी आणि नाताळ यांच्या वेळी घरमालकाची सोय पाहावी लागते.

मराठवाड्यात मंडळीच्या जागेच्या या प्रश्नाला जुना इतिहास आहे. एकोणिसाव्या शतकात अंबाजोगाई मोमिनाबाद या नावाने ओळखली जाई आणि जालन्याप्रमाणेच तेथेही हैदराबाद कॉन्टिंजंटची, म्हणजे निजामाच्या खर्चाने पोसलेल्या पण इंग्रज अधिकाऱ्यांच्या हुकमतीखालील फौजेची, छावणी होती. त्यांपैकी जालन्याच्या परिसरात नारायण शेषाद्री यांनी आपले काम उभे केले. १८४३ मध्ये मुंबईस बाप्तिस्मा घेतलेले, ब्राह्मण कुळात जन्मलेले हे गृहस्थ फ्री चर्च ऑफ स्कॉटलंडचे दीक्षित पाळक होते, आणि त्यांच्या मंडळीत मुख्यतः मांग समाजातील माणसे होती. गावगाड्यात ज्यांना स्वतःची म्हणावी अशी जागा नव्हती त्यांच्यासाठी आधी वस्तीच हवी, हे ओळखून शेषाद्रींनी हैदराबादचे दिवाण सालारजंग यांच्याकडून जमीन मिळविली आणि जालन्याजवळ ‘बेथेल’ हे गाव वसविले, जेथे चर्चबरोबर विहिरी, शाळा आणि हातउद्योगाचीही सोय झाली. उत्पत्तीच्या पुस्तकात याकोब उघड्यावर दगड उशाला घेऊन निजतो आणि जागा झाल्यावर त्या ठिकाणाला हेच नाव देतो. बेघर माणसांच्या गावाला याहून समर्पक नाव सुचणे कठीण होते.

तरीही बेथेलला मंडळीने स्वबळावर उभारलेली वास्तू म्हणता येत नाही, कारण जमीन दरबाराची होती आणि कामाला मिशनचा आधार होता. निजामाच्याच राज्यातील मेदक येथे वेस्लियन मिशनचे चार्ल्स पॉस्नेट यांनी दुष्काळात उपाशी मजुरांना काम व अन्न देत प्रचंड कॅथेड्रल उभारले आणि २५ डिसेंबर १९२४ रोजी त्याचे समर्पण झाले. त्या वास्तूची भव्यता आणि तिच्यामागील करुणा दोन्ही निर्विवाद आहेत, पण कोणत्याही लहान मंडळीने तो नमुना डोळ्यांपुढे ठेवू नये. जे घर दुसऱ्याच्या औदार्याने उभे राहते, त्याचे छप्पर गळू लागले की माणसे पुन्हा त्याच दिशेने पाहतात.

ही अडचण खुद्द मिशनच्या धुरिणांना उमगली होती. अमेरिकन बोर्ड या मिशन संस्थेचे चिटणीस रूफस अँडरसन यांचे मत असे होते की स्थानिक मंडळी स्वावलंबी, स्वशासित आणि स्वप्रसारक, म्हणजे आपला खर्च, आपला कारभार आणि आपला प्रसार स्वतः करणारी, व्हावी; १८५४-५५ मध्ये ते हिंदुस्थानात आले आणि त्याच सुमारास अहमदनगर येथे हरी रामचंद्र खिस्ती व रामकृष्णपंत मोडक यांना पाळकपदाची दीक्षा मिळाली. माणसे अशा रीतीने पुढे आली. इमारती, जमिनी आणि त्यांची कागदपत्रे मात्र पुढेही दीर्घकाळ मिशनच्या कपाटात राहिली, आणि या विषयातील खरी गोम तेथेच आहे.

आजच्या लहान मंडळीपुढे हाच प्रश्न नव्या रूपात येतो. सोय म्हणून जागा एखाद्या विश्वासू सभासदाच्या नावावर घेतली जाते, त्याच्या पश्चात वारसांची नावे लागतात, आणि मंडळी पुन्हा भाडेकरू होते. नोंदणीकृत सार्वजनिक न्यासाच्या नावे घेतलेली स्थावर मिळकत १९५० च्या न्यासविषयक अधिनियमानुसार धर्मादाय आयुक्तांच्या मंजुरीवाचून विकता येत नाही. हे बंधन जाचक वाटले तरी तेच मंडळीचे कुंपण होय. मराठवाड्यात सातबारा कोणत्याही धर्मग्रंथाइतक्याच बारकाईने वाचला जातो, आणि याबाबतीत तो तसा वाचलेला बरा.

पैशाचा प्रश्न त्याहून नाजूक आहे. दशमांश, म्हणजे उत्पन्नाचा दहावा भाग देण्याची शिकवण, मासिक पगार घेणाऱ्या शिक्षकाला किंवा परिचारिकेला सहज लागू पडते; पण बीड जिल्ह्यात ऊसतोडीला जाणारे कुटुंब मुकादमाकडून उचल घेऊन निघते आणि हंगामाचे सहा महिने गावाबाहेर असते, त्याच्या उत्पन्नाचा दहावा भाग कोणत्या महिन्यात मोजावा? येथे जुनी रीत अधिक शहाणी ठरते. कापणीच्या सणाला, म्हणजे पिकाबद्दल देवाचे आभार मानण्याच्या उपासनेत, सभासद ज्वारी, तूर, भोपळा, कोंबडी असे जे असेल ते आणतात, त्याचा लिलाव होतो आणि रक्कम मंडळीच्या खात्यात जमा होते. ज्याच्यापाशी रोख नाही तोही तेथे देणारा ठरतो, आणि वेदीपुढच्या भोपळ्याला चढाओढीने बाजारभावाच्या कितीतरी पट बोली लागते, यात थोडी गंमतही असते.

जागा आणि पैसा यांनंतर उरते ते प्रत्यक्ष काम. बायबलमधील नहेम्याच्या पुस्तकाचा तिसरा अध्याय वाचताना पुष्कळजण ओलांडून जातात, कारण त्यात यरुशलेमचा पडका तट कोणी कोठून कोठवर बांधला याची निव्वळ जंत्री आहे. परंतु बांधकाम समितीने तोच अध्याय प्रथम वाचावा. त्यात याजक आहेत, सोनार आणि सुगंधी द्रव्ये करणारे आहेत, शल्लूम नावाचा एक अधिकारी आपल्या मुलींसह काम करताना दिसतो, आणि पुष्कळांच्या वाट्याला आपापल्या घरासमोरचाच तुकडा आला आहे. तकोवा गावच्या मातबरांनी कामाला मान वाकवली नाही, हेही तेथे न लपवता नोंदले आहे. त्याच तकोवाच्या सामान्य लोकांनी मात्र आपला भाग पुरा करून पुढे आणखी एक भाग बांधला.